खालच्या कुरणातली वाकडी ओळ

मंगळवार, ता. ७

चि. धाकटे यांस,

आशीर्वाद नेहमीचेच आहेत, ते पोचले असं समज आणि आधी माझी तक्रार ऐक. विषय गंभीर आहे. आपल्या ट्रॅक्टरचं आसन कोणीतरी रोज मागे सरकवतं. संध्याकाळी मी उतरतो तेव्हा ते माझ्या बेताच्या पायांना साजेल असं पुढे असतं, आणि सकाळी चढतो तेव्हा खटका दोन खाचा मागे. क्लच दाबायला मला अर्धशयनावस्थेत जावं लागतं. सारं आयुष्य पोरांची विभक्तिरूपं तपासण्यात घालवलेल्या माणसाला ही मुद्रा शोभत नाही. घरातल्या संशयितांची मी रीतसर चौकशी केली. बाबा घराची पायरीसुद्धा गुडघ्यावर हात ठेवून चढतात, ते ट्रॅक्टरवर कसले चढतायत. तुझी वहिनी म्हणाली, "मला एवढा वेळ असता तर मी तुम्हालाच मागे सरकवलं असतं." मांजर निर्दोष सुटलं, खटका त्याच्या ताकदीबाहेरचा आहे. तेव्हा खटकाच झिजला असावा असा निकाल देऊन मी तिथे तार बांधून टाकली आहे.

आता पत्राचं कारण. आपलं जुनं दांड्यांचं दंताळं गेलं. म्हणजे आहे, पण त्याचे निम्मे दाते जमिनीत आणि उरलेले बाबांच्या आठवणीत. कापलेलं गवत ओळीत ओढायला या मोसमात नवं घ्यावंच लागणार. मला वाटलं होतं, दुकानात जायचं, दंताळं द्या म्हणायचं, त्याने विचारायचं मोठं की लहान, की झालं. दुकानदाराने मला खुर्चीत बसवून माझी तोंडी परीक्षाच घेतली. ट्रॅक्टर किती हॉर्सपॉवरचा? पस्तीस, म्हणालो. यंत्र उचलायला मागे तेलाचे नळ किती? मी खाली वाकून बघितलं नव्हतं. कुरण सपाट की उताराचं? दगड आहेत? गवत दाट येतं की विरळ? पानाचं की काडीचं? गठ्ठे बांधणाऱ्या यंत्राचं तोंड केवढं, कारण ओळ त्या तोंडात मावायला हवी. आणि शेवटी, फाटक किती रुंद?

"फाटकाबद्दल आमच्या घरी बोलत नाहीत," मी सांगितलं.

त्याला वाटलं मी विनोद केला. तुला कळेल. तू ते मोठं फिरतं दंताळं चाचणीला म्हणून न विचारता आणलंस, ते आत येईना, तेव्हा डावीकडचा खांब उखडलास, आणि बाबा म्हणाले, ज्याला हे फाटक अरुंद वाटतं त्याने रुंद फाटक शोधावं. जन्मात त्यांचं एक ऐकलं नाहीस, आणि नेमकं तेवढं ऐकलंस. खांब त्यांनी सिमेंटात पुन्हा बसवला आहे. तिथून जाताना ते त्याला हात लावतात, आणि आपण लावला हे कोणी पाहिलं नाही असं त्यांना वाटतं.

तर यंत्रातलं मला काही कळत नाही, तुला कळतं. चाकांचं दंताळं घ्यावं की फिरतं, दोन ओळी लिही. फोनवर सांगितलंस तरी चालेल. महिन्याच्या सुरुवातीला तुझा फोन यायचा, बाबा उचलायचे, पलीकडे तू गप्प, इकडे ते गप्प, मग ते म्हणायचे, "हं, चालू आहे," आणि ठेवून द्यायचे. दोन पहिलवानांची ती कुस्ती थंडीपासून बंद आहे. तुझा नंबर लावला की एक बाई सांगते की ही सेवा उपलब्ध नाही. तुझ्यापेक्षा गोड बोलते. पण बाबा रोज संध्याकाळी विचारतात, "आला का?" आणि मी रोज नवं कारण शोधतो. कारणं संपत आली आहेत. निदान त्यासाठी तरी लिही.

तुझा,
दादा


शनिवार, ता. ११

चि. धाकटे यांस,

उत्तर आलं नाही. दंताळेप्रकरण मात्र पुढे सरकलं.

दुकानदाराने आधी चाकांचं दंताळं पाठवलं. तिरप्या ओळीत मोठमोठी दातेरी चाकं, ट्रॅक्टर पुढे गेला की जमिनीला घासून आपोआप फिरतात. ट्रॅक्टरचा फिरता दांडा जोडायला नको, तेलाचा नळ नको, लहान ट्रॅक्टरला झेपतं, स्वस्त. दोषही दुकानदारानेच सांगितले, माणूस सच्चा आहे: चाकं जमिनीला घासतात म्हणून माती आणि खडे गवतात येतात, आणि गवत थोडं ओलं असेल तर त्याचा दोरखंड वळला जातो, आत वारा शिरत नाही, मधून बुरशी. वरच्या कुरणात खडे, खालच्या कुरणात ओल. म्हणजे दोन्ही दोषांची सोय आपल्याकडे आधीपासून आहे.

यंत्राबरोबर एक चालक आला. आडवा बांधा, मोजकं बोलणं, त्याला सगळे पैलवान म्हणतात. खालच्या कुरणातलं गवत मी स्वतः हात लावून पाहिलं होतं. वरून कुरकुरीत. वाळलं म्हणालो. दुपार होती, ऊन रणरणत होतं. पैलवान आपल्या घरच्या ट्रॅक्टरवर बसून निघाला, आणि मी नि बाबा फाटकाशी थांबलो.

कुरणाच्या मध्यावर तो थांबला. इंजिन चालूच. थोडा वेळ तसाच बसून राहिला, मग डावीकडे वळसा घालून पुन्हा ओळीवर आला आणि सरळ आमच्याकडे परतला.

"काय झालं?" मी विचारलं.

"तुमचा माणूस नको म्हणाला."

"कुठला माणूस?"

"तो काय तिथला," असं म्हणून त्याने हात केला. कुरण मोकळं होतं. तो थोडा चपापला. "आत्ता होता. उंच. मी जवळ गेलो तसं त्याने खाली वाकून मूठभर गवत उचललं, पिळलं, कानाशी धरलं, आणि हाताने नको म्हणाला. मला वाटलं मालकाचा भाऊ-बिऊ असेल."

या पंचक्रोशीत सगळे गवताची काडी वाकवून बघतात, नखाने दाबून बघतात, आणि जे माझ्यासारखे शिकलेले आहेत ते वरून हात फिरवून बघतात. जुडी पिळून कानाशी धरणारा एकच प्राणी मी पाहिला आहे. बाबा तुला म्हणायचे, काय, फोन लावलास का गवताला? आणि तू म्हणायचास, आतली काडी अजून बोलत नाही, थांबा.

पैलवानाने खाली उतरून बुटाने गवत उलटवलं. खालून ओलं होतं. "शहाणा आहे तुमचा माणूस," तो म्हणाला. "दोरखंडच झाला असता."

मी बाबांकडे पाहिलं. ते काठी टेकून कुरणाकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. दुपारची गाडी वेळेवर आली की जसा चेहरा होतो, तसा होता.

तेव्हा खुलासा कर. इकडे आला असशील तर ही काय पद्धत झाली? घर तिथेच आहे, दार पूर्वेलाच आहे, आणि वहिनी अजून तुझ्यावर रागावलेली नाही. मी रागावलो आहे, पण माझ्या रागाला या घरात कोणी विचारत नाही हे तुला ठाऊक आहे.

तुझा,
दादा


बुधवार, ता. १५

चि. धाकटे यांस,

या घरात प्रमाणं तीन: प्रत्यक्ष, अनुमान आणि तुझी वहिनी. तिसऱ्या प्रमाणाने असा निर्णय दिला की तू आला आहेस. "जवळपास कुठेतरी राहतोय. समोर यायची लाज वाटते, दुसरं काय. हे बापलेक मेले तरी आधी कोण बोलणार यावर अडून बसतील." तिला म्हटलं, जरा शब्द जपून वापर. तिने वापरलेला शब्द तिच्याही लक्षात आला, आणि ती भांडी घासायला निघून गेली. भांडी घासून झालेली होती.

तिचा निर्णय मला पटला. पटावा असं फार वाटत होतं. कारण मी बांधलेली तार सुटलेली होती. तोडलेली नव्हती, पीळ उलगडून, सरळ करून, नीट गुंडाळी करून खिळ्याला टांगलेली. मी तार सोडली असती तर ती अजून माझ्या पायात अडकलेली असती. असं वेटोळं तू करतोस. आसन अर्थातच दोन खाचा मागे.

मग वहिनीने डबा भरला. तुला आवडतं ते सगळं, वर घट्ट झाकण, आणि कुरणाच्या कडेला जो सपाट दगड आहे त्यावर ठेवून आली. म्हणाली, "भूक लागली की मान वाकते." दुसऱ्या दिवशी डबा तसाच. झाकण उघडलेलं नाही, मुंगीसुद्धा नाही. तिने ताजा भरून पुन्हा ठेवला. पुन्हा तसाच. धाकटे, तू माझ्या लग्नात रुसून बसला होतास तेव्हासुद्धा रुसवा सांभाळून दोनदा जेवला होतास. तू आणि भरलेला डबा एका जागी राहू शकत नाही, हे आपल्या घराण्यातलं एकमेव निरपवाद सूत्र आहे. तिसऱ्या दिवशी वहिनीने डबा भरला नाही.

त्या दुपारी मी स्वतः गेलो. हातातलं लाकडी दंताळं घेतलं, म्हटलं एक ओळ आपण ओढून बघू. पलीकडच्या बांधावरचं वाळकं झाड नजरेत धरलं आणि सरळ त्याच्या रोखाने ओढत निघालो. कुरणात वारा नव्हता. टोळ असतात ना उन्हात, ते पुढे पुढे उडत होते, आणि मध्यावर आल्यावर उडायचे थांबले. बस, एवढंच. दुसरं काही दिसलं नाही, ऐकू आलं नाही. मी झाडाकडे बघत पुढे गेलो, बांधाला टेकलो, आणि मागे वळून पाहिलं.

ओळ वाकलेली होती. पैलवानाने जिथे वळसा घातला होता, अगदी तिथेच, डावीकडे. एक माणूस उभा असला की त्याच्या पायांना दाते लागू नयेत म्हणून जेवढं अंतर सोडावं, तेवढं सोडून.

मी वळलो नव्हतो, धाकटे. शपथेवर सांगतो. मी सरळ चाललो होतो.

घरी आलो तेव्हा बाबांनी विचारलं, "कसं आहे गवत?" म्हणालो, अजून एक ऊन लागेल. ते म्हणाले, "हो, त्याचंही तेच म्हणणं आहे."

मी ऐकू न आल्यासारखं केलं. हे मला चांगलं जमतं, शाळेने शिकवलेली विद्या.

तुझा,
दादा


रविवार, ता. १९

चि. धाकटे यांस,

दुकानदाराने दुसरं यंत्र पाठवलं, फिरतं. तू आणलं होतंस त्याच जातीचं, पण लहान, एकाच चक्राचं. ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या दांड्यावर चालतं, चक्राचे हात जमिनीपासून किंचित वर राहतात, गवत खेचत नाहीत, उचलून बाजूला ठेवतात. खडे येत नाहीत, ओळ फुगीर पडते, वारा आरपार जातो. पस्तीस हॉर्सपॉवरला हे एवढंच झेपतं, याहून मोठं नाही. तू आणलेलं ट्रॅक्टरने चढावर ओढलंच नसतं, हे दुकानदाराचं मत तुझ्या कानावर घालून मी थोरला भाऊ म्हणून समाधान पावतो.

ते चालवायला दुकानदाराची मुलगी आली होती. तिशीची, डोक्याला रुमाल, सतत काहीतरी गुणगुणणारी. येतानाच तिने सांगून टाकलं की गवत वाळल्यावर कडक उन्हात ओढू नये, पानं झडतात आणि गुरांना नुसत्या काड्या उरतात, पानावर थोडं दव असतानाच ओढावं. म्हणून सकाळी लवकर सुरुवात केली. बाबांनी फाटकाशी खुर्ची मागवली आणि नाटक बघायला बसावं तसे बसले.

ओळी सुंदर पडत होत्या. बाबांसारखा माणूस "ह्याला म्हणतात ओळ" म्हणाला. कुरणाच्या मध्यावर ओळ डावीकडे वळली, पुन्हा सरळ झाली. पुढच्या ओळीलाही तिथेच वळण, थोडं कमी. तिसरीला आणखी कमी. वरून पाहिलं असतं तर पाण्यात खडा टाकल्यावर उठतात तशी वलयं दिसली असती.

काम उरकून ती आली तेव्हा गुणगुणणं थांबलेलं होतं. पाणी प्यायली आणि म्हणाली, "काका, तुमच्या घरच्यांना सांगा, चालू यंत्रापुढे असं उभं राहू नये. मी हॉर्न दिला, हात केला, बघायलाच तयार नाहीत. मी लांबून वळवलं म्हणून ठीक."

"काय करत होता?" मी विचारलं. कोण, हे विचारण्याचा देखावा मी केला नाही.

"ओळीकडे बघत होते. यंत्र कसं चालतंय ते बघत असावेत. खूश दिसत होते." मग ती थोडी घुटमळली. "एक सांगू? दवात उभे होते ना, माझे बूट बघा, नुसती गवतातून चालले तर घोट्यापर्यंत भिजलेत. त्यांची पँट कोरडी होती. अगदी इस्त्रीची."

तिच्या वडिलांना ती हे सांगणार नाही असं म्हणाली. यंत्र विकायचं असतं ना त्यांना.

ती गेल्यावर बाबा उठले. काठी टेकत, एकटे, खालच्या कुरणात गेले. मी मागोमाग निघालो तर हाताने थांबवलं. ओळी ओलांडत मध्यावर पोचले आणि तिथे बराच वेळ उभे राहिले. मला त्यांची पाठ दिसत होती. एकदा त्यांनी मान हलवली. एकदा काठीने जमिनीवर काहीतरी दाखवलं. नवीन यंत्रावर चर्चा करताना दोन माणसं जशी उभी राहतात, थोडी तिरपी, एकमेकांकडे न बघता यंत्राकडे बघत, तसे ते उभे होते. एक माणूस तसा उभा राहू शकतो हे मी प्रथमच पाहिलं.

परत आले ते घामाघूम, पण चेहरा मोकळा.

"फिरतंच घे," म्हणाले. "हेच. लहान."

"तुम्हाला तर फिरतं आवडत नव्हतं."

"मला काय कळतं त्यातलं. विचारून आलो."

"कोणाला, बाबा?"

त्यांनी माझ्याकडे अशा करुणेने पाहिलं की वर्गातल्या ढ मुलांकडे मी कधी पाहिलं नसेल. "ज्याला कळतं त्याला," म्हणाले.

तुझा,
दादा


गुरुवार, ता. २३

धाकटे,

दंताळं आलं. फाटकातून आत यायला ते दुमडावं लागतं, एका हाताने दुमडतं, अडचण काहीच नव्हती. तरी बाबांनी आदल्या दिवशी गवंडी बोलावून डावीकडचा खांब काढायला लावला. मी म्हटलं, "बाबा, मावतंय ते, कशाला?" म्हणाले, "असू दे मोकळं. येणाऱ्या-जाणाऱ्याला बरं." गवंड्याने सिमेंट फोडताना ते शेजारी उभे राहून, "हळू, हळू," म्हणत होते, जणू आत कोणी झोपलं आहे.

यंत्र पोचवायला दुकानदार स्वतः आला. बोलता बोलता, घर सोडल्यावर तू ज्या वर्कशॉपमध्ये कामाला लागलास, त्याचं मी नाव काढलं तर म्हणाला, त्यांच्याकडूनच आमचे सुटे भाग येतात, आणि तिथल्या तिथे फोन लावून माझ्या हातात दिला. पलीकडचा माणूस भला होता. म्हणाला, तुमचा भाऊ थंडीत एका सकाळी आलाच नाही. आधी वाटलं दुसरीकडे काम लागलं असेल. खोलीवर माणूस पाठवला तर खोली बंद, घरमालकाला काही सांगून गेला नव्हता. "आमच्याकडे त्याची पान्यांची पेटी आहे," म्हणाला, "आणि या महिन्यात आलेली काही पत्रं आहेत, ती आम्ही उघडली नाहीत. कोणी येणार का न्यायला?"

मी येतो म्हणालो. परवा निघतोय. वहिनीला सांगितलं, बाबांना सांगितलं नाही. तू कपडे विसरशील, माणसं विसरशील, पण ती पेटी तू मला कधी एका दुपारसाठीसुद्धा दिली नाहीस.

हे पत्र कुठे टाकायचं ते अजून ठरत नाही. वर्कशॉपच्या पत्त्यावर टाकलं तर परवा मलाच परत मिळेल. खालच्या कुरणात नेऊन ठेवावं असंही मनात आलं. आणि आपण हे मनात आणलं याचीच भीती वाटली.

आज गठ्ठे बांधून झाले. गवत हिरवं राहिलं आहे, वासही चांगला आहे. बाबा पोटभर जेवले. गेले काही दिवस ते शांत झोपतात, वहिनीला हाक मारून काहीबाही सांगतात, मध्येच हसतात. घर इतकं बरं कित्येक वर्षांत नव्हतं. संध्याकाळी ते ओसरीवर बसले होते, मी शेजारी बसलो आणि वाट पाहिली. अंधार पडत आला तरी त्यांनी विचारलं नाही. कालही नव्हतं विचारलं. रविवारपासून त्यांनी एकदाही "आला का?" म्हटलेलं नाही.

शेवटी मीच म्हणालो, "बाबा, त्याचा फोन आला नाही हो अजून."

ते म्हणाले, "आता कशाला येईल," आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. मी लहान असताना फिरवायचे तसा. सांत्वन करताना फिरवतात तसा.

धाकटे, इतकी पत्रं मी इकडचं तिकडचं लिहून भरली. खरी गोष्ट एवढीच आहे. तू जिवंत आहेस की नाही हे मला माहीत नाही. आणि बाबांना ते माहीत आहे, असं मला वाटतं.

दादा